'आउटकास्ट' : एका इंग्रजी जोडशब्दाची व्युत्पत्ती





वर्षावासाच्या काळात आमच्या अभ्यासवर्गात आम्ही सुत्तनिपातातील वसलसुत्त वाचावयास घेतले होते. मूळ पाली, त्याचा मराठी अर्थ आणि शेजारी इंग्रजी अनुवाद, असा आमचा क्रम होता. त्याच आठवड्यात काही विद्यार्थी परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे इंग्रजी लेखन वाचत होते. अकरावीत शिकणाऱ्या एका मुलीने दोन्ही पुस्तके आमच्यापुढे ठेवली आणि विचारले, "इथे 'आउटकास्ट' शब्दाच्या स्पेलिंगच्या शेवटी 'ई' नाही आणि बाबासाहेबांच्या पुस्तकात 'ई' आहे. यातली छपाईची चूक कोणती?"

आम्ही चटकन सांगून टाकले की, दोन्ही एकच, फरक काही नाही. मुलगी गप्प बसली, पण आमचे समाधान झाले नाही. घरी जाऊन आम्ही शब्दकोश उघडले आणि ध्यानात आले की, आमचे उत्तर चुकले होते. छपाईची चूक कोठेच नव्हती. ते दोन वेगळे शब्द होते. प्रस्तुत लेख म्हणजे त्या मुलीला उशिरा दिलेले उत्तर होय.

ही गोष्ट आपल्या सहज लक्षात का येत नाही, तेही सांगितले पाहिजे. देवनागरीत लिहिताना दोन्ही शब्द 'आउटकास्ट' असेच लिहावे लागतात. उच्चारही एकच आहे. म्हणून या लेखात आम्ही एकाला 'ई नसलेला' आणि दुसऱ्याला 'ई असलेला' असे म्हणणार आहोत. वाचकांनी तेवढे लक्षात ठेवावे.

जोडशब्द कसा फोडावा?

दोन शब्द एकत्र येऊन तिसरा शब्द तयार होतो, त्याला आपण सामासिक शब्द किंवा जोडशब्द म्हणतो. आकाश आणि वाणी मिळून आकाशवाणी. इंग्रजीतही हीच रीत आहे. ब्लॅक आणि बोर्ड मिळून ब्लॅकबोर्ड. अशा शब्दाचा उगम शोधावयाचा तर प्रथम तो सांध्यावर फोडावा, मग प्रत्येक तुकड्याचे मूळ पाहावे आणि शेवटी तो शब्द कोणी, कोणासाठी, केव्हा वापरला ते तपासावे.

उदाहरणार्थ 'ब्रॉडकास्ट' हा शब्द घ्या. रेडिओमुळे तो आपल्या परिचयाचा आहे. ब्रॉड म्हणजे रुंद, विस्तृत आणि कास्ट म्हणजे फेकणे, टाकणे. हा शब्द मुळात शेतीतला आहे. पाभरीने ओळीत न पेरता मूठ भरून बी चहूकडे फोकून पेरण्याला इंग्रज शेतकरी हा शब्द वापरीत. १९२० नंतर रेडिओ आला, तेव्हा आवाज असाच चहूकडे फेकला जातो म्हणून तोच शब्द त्याला लावला गेला. 'फोरकास्ट' म्हणजे हवामानाचा वगैरे अंदाज, 'डाउनकास्ट' म्हणजे खाली घातलेली नजर. या सर्वांत 'कास्ट' आहे आणि त्या सर्वांचा धागा फेकणे, टाकणे हाच आहे. आता आपल्या शब्दाकडे वळू.

ई नसलेला 'आउटकास्ट'

आउट म्हणजे बाहेर. कास्ट म्हणजे टाकलेला. सरळ अर्थ, बाहेर टाकलेला. यातील 'कास्ट' हे क्रियापद इंग्रजीत मूळचे नाही. उत्तर युरोपातील नॉर्स लोक इंग्लंडमध्ये येऊन वसले, त्यांच्या भाषेतील 'कास्ता' म्हणजे फेकणे या क्रियापदावरून ते आले. चौदाव्या शतकातील इंग्रजीत 'आउटकास्ट' हे नाम आढळते. घरातून, समाजातून किंवा देशातून हाकललेला माणूस, एवढाच त्याचा अर्थ. १६११ साली प्रसिद्ध झालेल्या बायबलच्या इंग्रजी भाषांतरात देशोधडीला लागलेल्या इस्रायलच्या लोकांसाठी हा शब्द आलेला आहे. म्हणजे या शब्दाचा भारताशी किंवा जातिव्यवस्थेशी मुळात काहीही संबंध नाही.

व्याकरणाच्या दृष्टीने एक गोष्ट विद्यार्थ्यांनी टिपून ठेवावी. यातील 'कास्ट' हे कर्मणि धातुसाधित आहे. टाकणारा नव्हे, टाकलेला. जेथे 'टाकलेला' असतो तेथे कोणीतरी टाकणारा असलाच पाहिजे. शब्दात त्याचे नाव नाही, परंतु त्याचे कृत्य शब्दात उमटलेले आहे.

'कास्ट' म्हणजे जात हा शब्द कोठून आला?

आता दुसरा 'कास्ट' पाहू, ज्याच्या शेवटी 'ई' आहे आणि ज्याचा अर्थ जात असा आहे. हा शब्द इंग्रजांचा नव्हे, तसाच तो आपलाही नव्हे. तो पोर्तुगीजांचा आहे. पोर्तुगीज भाषेत 'कास्ता' म्हणजे वंश, कूळ, पैदास, वाण. आजही पोर्तुगालमध्ये द्राक्षांच्या वाणांना 'कास्ता' म्हणतात. आपण मराठीत भाताची जात, आंब्याची जात म्हणतो, तसाच हा प्रकार आहे.

पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा घेतला. येथील समाज जन्मावरून विभागलेला त्यांनी पाहिला आणि त्या विभागांना त्यांनी आपल्या भाषेतील हा शब्द लावला. १५६३ साली गोव्यातच छापलेल्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याच्या ग्रंथात, येथे कोणी बापाचा धंदा सोडीत नाही हे सांगताना 'कास्ता' शब्द आला आहे. १५६७ साली गोव्यात भरलेल्या ख्रिस्ती धर्मपरिषदेच्या ठरावातही येथील उच्चनीच 'कास्तां'चा उल्लेख आहे. हजारो वर्षे माणसामाणसांत भिंती उभ्या होत्या. परंतु जगाला त्या भिंतींचे जे नाव माहीत झाले, ते आपल्या शेजारच्या गोव्याच्या मार्गाने गेलेले आहे.

सतराव्या शतकाच्या आरंभी इंग्रजांनी हा शब्द भारतातील जातीसाठी उचलला. त्या वेळी ते त्याच्या शेवटी 'ई' लावीत नसत. फेकणे या अर्थाच्या 'कास्ट'प्रमाणेच त्याचे स्पेलिंग करीत. फ्रेंच वळणाने शेवटी 'ई' लावण्याची पद्धत साधारणतः १८०० नंतर रूढ झाली. म्हणजे सुमारे दोनशे वर्षे फेकणे आणि जात हे दोन निरनिराळे शब्द इंग्रजी कागदावर एकाच वेषात वावरत होते.

पोर्तुगीज 'कास्ता' शब्दाच्या मुळाबद्दल विद्वानांत दोन मते आहेत. जुने कोशकार तो लॅटिन 'कास्तुस' म्हणजे शुद्ध, निर्भेळ या शब्दावरून आला असे मानीत. विसाव्या शतकातील स्पॅनिशचे विख्यात व्युत्पत्तिकोशकार जोआन कोरोमिनास यांनी मात्र तो गॉथिक या जुन्या जर्मनिक भाषेतील, प्राण्यांचा कळप किंवा पिलांचा घोळका अशा अर्थाच्या शब्दापासून आला असावा असे मत मांडले. हा गॉथिक शब्द नॉर्स 'कास्ता'चा, म्हणजे फेकणे या शब्दाचा नातलग आहे, असेही त्यांचे म्हणणे आहे. हे मत खरे मानले तर जात या अर्थाच्या शब्दाच्या मुळाशी शुद्धता वगैरे काही नसून केवळ गुराढोरांचा कळप आहे. पहिले मत खरे मानले तरी तो शब्द शुद्धतेचा दावा सांगतो, शुद्धतेचा पुरावा देत नाही. दावा आणि पुरावा यांतील फरक आपण विसरता कामा नये.

ई असलेला 'आउटकास्ट'

एकोणिसाव्या शतकात भारतात राज्य करणाऱ्या इंग्रजांपुढे दोन शब्द होते. बाहेर टाकलेला या अर्थाचा जुना 'आउटकास्ट' आणि जात या अर्थाचा 'कास्ट'. उच्चार सारखा, अर्थही जवळ आलेले. तेव्हा जुन्या जोडशब्दाच्या शेवटी एक 'ई' लावला आणि नवा जोडशब्द तयार झाला. आउट म्हणजे बाहेर, कास्ट म्हणजे जात. जातीबाहेरचा.

दिसावयास फरक एका अक्षराचा, पण तेवढ्याने शब्दाची घडण पार बदलली. जुन्या शब्दाचा दुसरा तुकडा क्रियापदाचा होता. नव्या शब्दाचा दुसरा तुकडा नाम झाला. जुन्या शब्दात कोणीतरी टाकले हे उघड होते. नव्या शब्दात टाकण्याची क्रिया दिसेनाशी झाली आणि फक्त जागा उरली. जणू तो माणूस पहिल्यापासून तेथेच, बाहेर, उभा होता. दुसरीकडे, नव्या शब्दाने एक गोष्ट उघडही केली. माणूस कशाच्या बाहेर आहे, ते त्याने स्पष्ट सांगितले. जातीच्या बाहेर.

बाहेर असण्याचे दोन प्रकार

शब्दकोशात या नव्या शब्दाचे दोन अर्थ मिळतात. एक, जातीतून काढलेला. दोन, कोणत्याच सवर्ण जातीत कधी न घेतलेला. इंग्रजीने दोघांना एकच शब्द दिला असला तरी महाराष्ट्राच्या इतिहासात या दोघांची स्थिती अगदी भिन्न होती.

१८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक आदी मंडळींनी चहा घेतला, म्हणून सनातन्यांनी गहजब केला. त्यांच्यावर बहिष्काराचे संकट आले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. पुढे रानडे यांनी प्रायश्चित्त घेतले. म्हणजे जातीतून काढलेल्याला परत येण्याचे दार होते. त्या दाराचे नाव प्रायश्चित्त.

आता १९२७ चे महाड पाहा. २० मार्च रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली आपल्या बांधवांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. मुंबई कायदेमंडळाचा ठराव आणि महाड नगरपालिकेची मान्यता असूनही त्यांना मारहाण झाली आणि मागाहून शेण व गोमूत्र घालून तळ्याची 'शुद्धी' करण्यात आली. येथे प्रायश्चित्ताचा प्रश्नच नव्हता. जे कधी आत घेतलेच नव्हते, त्यांना परत येण्यासाठी दार कोठून असणार? पहिल्या प्रकारात चहा पिणाऱ्याला शुद्ध होता येत होते. दुसऱ्या प्रकारात माणसाला नव्हे, तळ्याला शुद्ध करीत होते.

आपल्या भाषेतील शब्द

हीच कसोटी आपल्या भाषेतील शब्दांना लावून पाहू. 'अंत्यज' हा संस्कृत जोडशब्द अंत्य म्हणजे शेवटचा आणि ज म्हणजे जन्मलेला असा फुटतो. यात सर्व भार जन्मावर आहे. कोणी काही केले असे हा शब्द सांगत नाही. 'बहिष्कृत' हा शब्द बहिस् म्हणजे बाहेर आणि कृत म्हणजे केलेला असा फुटतो. यात भार करणाऱ्यावर आहे. इंग्रजीतील ई नसलेल्या 'आउटकास्ट'ची आणि 'बहिष्कृत'ची घडण हुबेहूब जुळते. बोलीतले 'वाळीत टाकलेला' हेही त्याच जातकुळीचे आहे. तेथे तर 'टाकणे' हे क्रियापद उघडच आहे.

बाबासाहेबांनी १९२४ साली संस्था काढली, तिचे नाव 'बहिष्कृत हितकारिणी सभा' होते. महाडनंतर दोनच आठवड्यांनी, ३ एप्रिल १९२७ रोजी पाक्षिक सुरू केले, त्याचे नाव 'बहिष्कृत भारत' होते. 'अंत्यज' हा शब्द तेव्हा सर्रास वापरात होता. असे असताना संस्थेला आणि पत्राला ज्या शब्दात जन्माचा ठपका नाही, पण बाहेर करणाऱ्याचे कृत्य उघड आहे, तोच शब्द मिळाला, ही लक्षात घेण्याजोगी गोष्ट आहे.

नावांविषयी बाबासाहेब किती दक्ष होते याचे आणखी एक उदाहरण आहे. १९३१ साली दुसऱ्या गोलमेज परिषदेत त्यांनी आणि रावबहादूर श्रीनिवासन यांनी जे पुरवणी निवेदन दिले, त्यात 'डिप्रेस्ड क्लासेस' हे नाव हीनतादर्शक आहे, ते बदलावे, अशी मागणी केली होती. राजकीय हक्कांचा एवढा मोठा लढा चालू असतानाही नावाचा प्रश्न त्यांनी क्षुल्लक मानला नाही.

बाबासाहेबांनी 'ई' का ठेवला?

आता त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर. ११ फेब्रुवारी १९३३ रोजी गांधीजींच्या 'हरिजन' या इंग्रजी साप्ताहिकाचा पहिला अंक निघाला. त्या अंकासाठी बाबासाहेबांकडे संदेश मागण्यात आला होता. बाबासाहेबांनी संदेश देण्याचे नाकारून केवळ आपले मत कळविले. त्याचा आशय असा की, जातिबाह्य माणूस हा जातिव्यवस्थेतूनच निपजतो, जाती आहेत तोवर जातिबाह्य राहणारच, आणि जातिव्यवस्था नष्ट झाल्यावाचून त्याची मुक्ती नाही.

या मतात बाबासाहेबांनी जो इंग्रजी शब्द वापरला तो ई असलेला आहे. वरील व्युत्पत्ती ध्यानात ठेवून हा विचार वाचला म्हणजे त्यातील तर्क किती चोख आहे ते कळते. ई असलेल्या शब्दाच्या पोटातच 'जात' बसलेली आहे. जोडशब्दातील एक तुकडा काढून घेतला तर दुसरा एकटा उभा राहू शकत नाही. घरच नसेल तर घराबाहेरचा कोणाला म्हणणार? त्याचप्रमाणे जातच नसेल तर जातीबाहेरचा कोण? दोष बाहेरच्या माणसात शोधून उपयोग नाही. दोष त्या भिंतीत आहे. जो त्या शब्दाला चूक समजून 'ई' खोडील, तो बाबासाहेबांचा मुद्दाच खोडून टाकील.

वसलसुत्तातील 'आउटकास्ट'

मग सुत्ताच्या इंग्रजी अनुवादात 'ई' का नाही? डॅनिश पंडित फाउसबोल यांनी सुत्तनिपाताचा इंग्रजी अनुवाद १८८१ साली प्रसिद्ध केला. पाली 'वसल' शब्दासाठी त्यांनी ई नसलेला 'आउटकास्ट' योजला आणि पुढील अनेक अनुवादकांनी तोच स्वीकारला. 'वसल' म्हणजे संस्कृतातील 'वृषल'. धर्मशास्त्रकार तो शूद्रासाठी तुच्छतेने वापरीत.

सुत्तातील प्रसंग आपणा सर्वांना ठाऊक आहे. तथागत श्रावस्तीत भिक्षाटन करीत असता अग्गिक भारद्वाज नावाच्या ब्राह्मणाच्या घराजवळ आले. तेथे अग्नी पेटवून आहुतीची तयारी चालली होती. भारद्वाजाने दुरूनच ओरडून त्यांना थांबावयास सांगितले आणि 'वसलक' म्हटले. मूळ शब्दाला लावलेला 'क' हा आणखी हिणविण्यासाठी आहे. अशा वेळी सामान्य माणूस एक तर चिडेल किंवा मान खाली घालून निघून जाईल. भगवंतांनी यांपैकी काहीच केले नाही. त्यांनी शांतपणे विचारले की, हे ब्राह्मणा, वसल कोणाला म्हणतात आणि माणूस कशामुळे वसल होतो, हे तुला माहीत आहे काय?

भारद्वाजाला ते माहीत नव्हते. ज्या शब्दाने तो दुसऱ्याला हाकलीत होता, त्या शब्दाचा अर्थ त्याला सांगता आला नाही. मग भगवंतांनीच तो सांगितला. क्रोधी, वैर धरणारा, प्राणिमात्रांवर दया नसलेला, घेतलेले कर्ज नाकारणारा, वृद्ध आईबापांना सामर्थ्य असून न पोसणारा, तो वसल. जन्माने कोणी वसल होत नाही आणि जन्माने कोणी ब्राह्मणही होत नाही, दोन्ही गोष्टी कर्मानेच ठरतात. चांडाळकुळात जन्मलेल्या मातंगाचे उदाहरण देऊन त्यांनी हे पटविले. शेवटी भारद्वाज उपासक झाला.

येथे जातीचा तुकडा शब्दात नसणेच योग्य होते, कारण भगवंतांनी 'वसल' शब्दातून जन्मच काढून टाकला आहे. म्हणून फाउसबोल यांचा ई नसलेला शब्द त्या ठिकाणी बरोबर आणि बाबासाहेबांचा ई असलेला शब्द त्यांच्या ठिकाणी बरोबर. एकात माणसाचे कर्म तोलले आहे, दुसऱ्यात व्यवस्थेचे.

आपण काय घ्यावे?

कोणी म्हणेल की, एका अक्षरासाठी एवढा खटाटोप कशाला? आमचे उत्तर असे की, आपल्या आजा-पणजांना जे शब्द चिकटविले गेले, ते त्यांनी निवडलेले नव्हते आणि त्यांचा अर्थ विचारण्याचीही त्यांना मुभा नव्हती. अक्षरओळखच नाकारली होती, तेथे व्युत्पत्ती कोठून पाहणार? आज आपल्या हाती पुस्तके आहेत, कोश आहेत. तेव्हा आपल्याविषयी वापरलेला कोणताही शब्द फोडून पाहिल्यावाचून आपण स्वीकारू नये. त्यात जन्माचा ठपका आहे की कोणाच्या कृत्याची नोंद आहे, हे आधी पाहावे.

हा केवळ जुन्या काळचा प्रश्न आहे असेही नाही. माणसाला वाळीत टाकण्याचे प्रकार चालू राहिले, म्हणूनच महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा स्वतंत्र कायदा करावा लागला आणि तो ३ जुलै २०१७ पासून अंमलात आला. या कायद्याने शिक्षा टाकणाऱ्याला सांगितली आहे, टाकलेल्याला नव्हे. ई नसलेल्या शब्दात जो टाकणारा लपला होता, तो अखेर कायद्याच्या पुस्तकात आरोपी म्हणून आला.

आणि शेवटची गोष्ट. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली. त्या दिवशी आपल्या वडीलधाऱ्यांनी जातीच्या घरात प्रवेश मागितला नाही. त्यांनी त्या घराकडे पाठ फिरविली. ज्याने ते घरच मानावयाचे सोडले, त्याला घराबाहेरचा म्हणता येत नाही. ई असलेला शब्द त्या दिवसापासून आपल्यापुरता अर्थहीन झाला. मात्र आपसातील पोटजातींच्या भिंती आपण लग्नकार्यात आणि सोयरिकीत जपत राहिलो, तर तो अर्थहीन शब्द आपणच पुन्हा जिवंत करू, याचे भान प्रत्येक सभासदाने ठेवावे.

विद्यार्थ्यांसाठी अभ्यास म्हणून आम्ही तीन शब्द देतो. इंग्रजीतील 'आउटलॉ' आणि 'हाफकास्ट' हे दोन जोडशब्द आणि तमिळमधून इंग्रजीत गेलेला 'पारिया' हा शब्द. ते कोशात पाहावेत, फोडावेत, आणि प्रत्येकाच्या पुढे एकच प्रश्न लिहावा : हा शब्द कोणी, कोणाला लावला? उत्तरे पुढील अभ्यासवर्गात घेऊन यावीत. आणि ज्या मुलीने प्रश्न विचारला, तिने यापुढेही असेच प्रश्न विचारावेत. आमच्या पहिल्या घाईच्या उत्तरावर समाधान मानू नये.

जयभीम! जय भारत!